खांद्याची भूल, डोक्याची चौकशी

“मॅडम, आईचा खांदा दुखतोय. तुम्ही डोक्याचं का विचारताय?”

भूलपूर्व तपासणीच्या खोलीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्या दिवशी विचारणाऱ्या मुलाच्या आवाजात चिडचीड नव्हती, खरे कुतूहल होते. त्याची आई पासष्टीची. ओल्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि खांद्याचा स्नायुबंध फाटला. हात वर जाईना, वेणी घालायलाही सुनेला हाक मारावी लागे. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले होते. दमा, घोरणे, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अशी चौकशी करत मी पुढच्या प्रश्नावर आले: डोक्याला कधी मार लागला होता का? फिट येते का? मेंदूचे काही ऑपरेशन झाले आहे का?

काकू सहज म्हणाल्या, “डोक्यात नळी टाकलीय ना. चार वर्षं झाली. चालताना तोल जायचा, तेव्हा टाकली.”

मुलगा ओशाळला. “ते फॉर्ममध्ये लिहायचं राहिलं. म्हटलं, खांद्याशी त्याचा काय संबंध?”

मी काकूंच्या उजव्या कानामागे बोट फिरवले. कातडीखाली वाटाण्याएवढा उंचवटा लागला आणि तिथून मानेच्या बाजूने खाली उतरणारी, उदबत्तीएवढ्या जाडीची मऊ नळी. ऑपरेशन उजव्याच खांद्याचे होते. भुलेची सुई जिथून आत जायची, ती जागा या नळीपासून जेमतेम दोन बोटांवर होती.

मुलाचा प्रश्न रास्त होता. खांदा आणि डोके हे आपल्या मनात दोन वेगळे विभाग असतात. शरीरात मात्र त्यांच्यामधून एक रस्ता जातो आणि तो बराचसा श्वासातून जातो. तो रस्ता या लेखात पायरीपायरीने पाहू.

खांद्यासाठी सुई मानेत का?

घराच्या एकाच खोलीतली वीज बंद करायची असेल तर आपण मेन स्विच पाडत नाही, त्या खोलीचा फ्यूज काढतो. ‘ब्लॉक’ म्हणजे शरीरातला असा फ्यूज काढणे. खांद्याच्या आणि हाताच्या नसा मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडतात. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, संदेश नेणारा मज्जातंतू. मानेच्या बाजूला दोन स्नायूंच्या फटीतून या नसांचा जुडगा खाली उतरतो. त्याच फटीत बधिर करणारे औषध सोडले की खांद्याकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप वाटेतच थांबतो. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ अलॉन विनी यांनी 1970 साली या पद्धतीचे नेमके वर्णन केले. तिला ‘इंटरस्केलीन ब्लॉक’ म्हणतात.

आज आम्ही हे काम सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत करतो. मानेवर गार जेल लावून प्रोब ठेवला की करड्या स्नायूंच्या मध्ये एकाखाली एक तीन काळे गोल दिसतात, रस्त्यावरच्या सिग्नलच्या दिव्यांसारखे. त्याच त्या नसा. सुईचे चकाकते टोक त्यांच्या बाजूला पोचते आणि औषध सोडताच काळ्या पाण्याची एक झिरमिळी त्यांच्याभोवती पसरताना दिसते. वीस-पंचवीस मिनिटांत हात जड होतो, उचलायला गेले तर उचलत नाही. ऑपरेशननंतरही आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त वेळ, खांदा दुखत नाही. खांद्याच्या ऑपरेशननंतरचे दुखणे फार तीव्र असते. पहिली रात्र शांत झोपेत काढलेला रुग्ण या सुईचे मोल जाणतो.

पण मानेतली ती फट म्हणजे दारे लावलेली खोली नव्हे. सोडलेले औषध आजूबाजूला झिरपते आणि आजूबाजूला महत्त्वाचे शेजारी राहतात. ते शेजारी कोण, हे पाहण्याआधी रस्त्याचे दुसरे टोक पाहू. ते टोक कवटीत आहे.

कवटीतली चौथी सीट

मुंबईच्या लोकलमधले बाकडे डोळ्यासमोर आणा. बसायची जागा तिघांची. चौथा येतो आणि म्हणतो, “जरा सरका.” तिघे थोडे आवरून घेतात, चौथा कडेला टेकतो. कोणाला फारसा त्रास होत नाही. पण त्याच बाकड्यावर पाचव्याने बसायचे म्हटले तर? आता सरकायला जागाच उरलेली नसते. तो बसायला गेला की सगळ्यांच्या बरगड्या दबतात.

कवटी हे असेच बाकडे आहे. मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते आणि तिथे तिघे बसलेले असतात. सुमारे 80 टक्के जागा मेंदूची. उरलेल्यात रक्त आणि मेंदूभोवतीचे नितळ पाणी. या पाण्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे पाणी तयार होते आणि तितकेच शोषले जाते. मेंदू आणि पाठीचा कणा मिळून कोणत्याही क्षणी ते 150 मिलिलिटरच्या आसपास असते.

कवटी हाडाची असल्यामुळे ती फुगत नाही. म्हणून तिघांपैकी एक वाढला तर दुसऱ्याने सरकलेच पाहिजे. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 साली आणि त्यांच्यानंतर जॉर्ज केली यांनी 1824 साली हा विचार मांडला. तो आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया मानला जातो. सरकण्याचे काम मुख्यतः दोघे करतात: पाणी कण्याकडे उतरते आणि शिरांमधले रक्त मानेकडे निघून जाते. मेंदू स्वतः सरकत नाही. त्याला सरकावे लागले तर तोच खरा अपघात असतो.

रक्तदाब मोजतो त्याच मिलिमीटर पाऱ्याच्या मापात कवटीतला दाब मोजला जातो. आडव्या झोपलेल्या निरोगी माणसात तो 7 ते 15 असतो. तो 20-22 च्या वर टिकून राहिला तर डॉक्टर तातडीने उपाय करतात. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा दाब जिन्यासारखा सारख्या पायऱ्यांनी चढत नाही. चौथी सीट भरेपर्यंत तो जवळजवळ हलत नाही. त्यानंतर चमचाभर रक्त वाढले तरी तो भराभर वर जातो.

म्हणजे दोन माणसांच्या कवटीत तेवढेच रक्त वाढले तरी परिणाम सारखा होत नाही. ज्याच्या डोक्यात गाठ आहे, रक्त साकळले आहे किंवा पाणी तुंबले आहे, त्याची चौथी सीट आधीच भरलेली असते.

पहिला शेजारी: श्वासाची नस

आता मानेतल्या फटीकडे परत येऊ. फटीच्या पुढच्या स्नायूवरून एक बारीक नस छातीत उतरते. ती श्वासपटलाची नस. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला छत्रीसारखा स्नायू. तो खाली सरकला की फुप्फुसांत हवा येते. शांत श्वासातला सर्वांत मोठा वाटा त्याचाच. उजव्या अर्ध्या छत्रीची नस उजवीकडून येते, डाव्या अर्ध्याची डावीकडून.

मानेत घाटीच्या खालच्या भागाच्या पातळीला ही नस आणि खांद्याच्या नसा एकमेकींपासून अवघ्या दोनेक मिलिमीटरवर असतात. जसजसे खाली जावे तसतशा त्या दूर होत जातात. म्हणून वर सोडलेले औषध श्वासाच्या नसेलाही भिजवते आणि त्या बाजूची अर्धी छत्री झोपी जाते. 1991 साली न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञांनी ब्लॉकनंतर सोनोग्राफीने श्वासपटल पाहिले. त्या काळच्या मोठ्या मात्रेत दिलेल्या ब्लॉकनंतर तपासलेल्या प्रत्येक रुग्णात ते त्या बाजूला ढिले पडले होते. अशा वेळी पूर्ण श्वास भरून सोडता येणारी हवा सुमारे पाव हिश्शाने घटते.

निरोगी माणसाला हे बहुधा जाणवतही नाही. दुसरी अर्धी छत्री आणि बरगड्यांमधले स्नायू जास्तीचे काम उचलतात. काहींना “श्वास पुरा भरत नाही” असे वाटते. उशाला दोन उशा देऊन बसते केले आणि धीर दिला की बरे वाटते. औषध उतरले की छत्री पूर्ववत चालू लागते.

पण माणूस लठ्ठ असेल, झोपेत घोरताना त्याचा श्वास अडकत असेल, वर्षानुवर्षे बिडी ओढून फुप्फुसे थकलेली असतील आणि त्यातच झोपेचे औषध किंवा मॉर्फिनच्या जातीचे वेदनाशामक दिले गेले, तर जास्तीचे काम उचलायला कोणी उरत नाही. श्वास उथळ होतो. उथळ श्वासात शरीरातला कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही आणि तो रक्तात साठू लागतो.

श्वास घटला की मेंदूत रक्त का वाढते?

आपल्या रस्त्याचे महत्त्वाचे वळण इथे आहे. शेताला पाणी देणारा माणूस बांधावर उभा राहून पाहतो. एखादा वाफा सुकलेला दिसला की फावड्याने दारे मोडतो आणि पाणी तिकडे वळवतो. मेंदूच्या बारीक धमन्या हेच करतात. त्यांना वाफा सुकल्याची खूण देतो तो कार्बन डायऑक्साइड.

मेंदूच्या पेशी काम करतात तेव्हा हा वायू तयार होतो. तो वाढला याचा अर्थ धमन्या असा घेतात: इथे काम जास्त झाले आहे, इथे रक्त कमी पडते आहे. हा वायू रक्तातून धमनीच्या भिंतीपर्यंत सहज पोचतो, तिथल्या पाण्यात मिसळून ते किंचित आम्लधर्मी करतो आणि भिंतीतले स्नायू सैल पडतात. धमनी रुंदावते, रक्त जास्त येते. 1940 च्या दशकात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत शोधली. निरोगी तरुणांना हा वायू मिसळलेली हवा दिल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो, हे त्यांनी 1948 साली दाखवले.

रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने वाढला की मेंदूतला रक्तप्रवाह सुमारे 3 ते 4 टक्क्यांनी वाढतो. कवटीतल्या जागेच्या भाषेत हिशेब करू. हा वायू 40 वरून 50 वर गेला, तर दर 100 ग्रॅम मेंदूमागे साधारण 0.4 मिलिलिटर रक्त जास्त मावावे लागते. सुमारे 1400 ग्रॅमच्या मेंदूसाठी ते पाच-सहा मिलिलिटर होते. म्हणजे चहाचा एक चमचा, काठोकाठ भरून थोडा सांडलेला.

निरोगी कवटीत हा चमचा म्हणजे चौथी सीट. पाणी थोडे खाली उतरते, काम भागते. पण ज्याच्या बाकड्यावर चौघे आधीच बसले आहेत, तिथे हाच चमचा पाचवा प्रवासी ठरतो.

सगळी साखळी एका ओळीत अशी: मानेत औषध, श्वासाची नस बधिर, श्वास उथळ, कार्बन डायऑक्साइड जास्त, मेंदूच्या धमन्या रुंद, कवटीत रक्त जास्त, दाब वर. यातली कोणतीही एक कडी आपण तोडली की पुढचे घडत नाही. भूलतज्ज्ञाचे अर्धे काम कड्या तोडण्याचेच असते.

आणखी दोन वाटा

श्वासाखेरीज मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या आणखी दोन वाटा आहेत.

पहिली वाट अनुकंपी चेतासंस्थेची. घाम येणे, बाहुली मोठी होणे, रक्तवाहिन्या आवळणे अशी कामे आपल्या नकळत करणाऱ्या तारांचे हे जाळे. त्याची एक साखळी मानेतूनच वर जाते आणि ब्लॉकचे औषध कधीकधी तिलाही भिजवते. मग त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, डोळा लालसर दिसतो, नाक चोंदते, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. 1869 साली स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ योहान होर्नर यांनी या लक्षणांची नोंद केली, म्हणून याला होर्नर सिंड्रोम म्हणतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांची रुग्णाला पाहून घाबरगुंडी उडते: खांद्याचे ऑपरेशन झाले आणि अर्धांगाचा झटका आला की काय? तसे नसते. औषध उतरले की पापणी वर जाते. आपल्या विषयापुरते एवढे लक्षात घ्यायचे की याच तारा डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांनाही थोडे आवळून धरतात. त्या सैल झाल्या तर त्या बाजूचा रक्तपुरवठा काहीसा वाढू शकतो. हा परिणाम कार्बन डायऑक्साइडइतका मोठा समजला जात नाही.

दुसरी वाट परतीची. कवटीत आलेले रक्त मानेतल्या मोठ्या शिरांमधून हृदयाकडे उतरते. ब्लॉक देताना आणि ऑपरेशनच्या वेळी डोके विरुद्ध बाजूला वळवलेले असते. ते फार वळले, मान वाकडी राहिली, पट्टी घट्ट बसली, तर ही शीर दबते. मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचते, तसे रक्त वर साचते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात सतत पाणी सोडावे लागते. ते मानेच्या मऊ भागात झिरपून सूज आली तरी शिरेवर आणि श्वासमार्गावर ताण येऊ शकतो. म्हणून मान सरळ आणि मोकळी आहे ना, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.

कवटी न उघडता दाब कसा कळणार?

कवटीतला दाब अचूक मोजायचा तर हाडाला छिद्र पाडून आत तार किंवा नळी सोडावी लागते. खांद्याच्या रुग्णासाठी तसे कोणी करणार नाही. पण निसर्गाने एक खिडकी ठेवली आहे: डोळा.

डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेवर एक आवरण असते. ते मेंदूच्याच आवरणाचा पुढे आलेला भाग आहे. नस आणि आवरण यांच्यामध्ये मेंदूभोवतीचेच पाणी असते. कवटीत दाब वाढला की हे पाणी पुढे ढकलले जाते आणि आवरण फुगते. बागेतल्या पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की मागचा मऊ भाग जसा फुगतो, तसेच.

मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल लावायचे, प्रोब हलकेच टेकवायचा आणि बुबुळाच्या गोळ्यामागे तीन मिलिमीटरवर या आवरणाची रुंदी मोजायची. ती साधारण पाच मिलिमीटरच्या आसपास असते. ती पाच-सहा मिलिमीटरच्या मधल्या मर्यादेपलीकडे गेली तर दाब वाढल्याची शंका घेतात. ब्लॉक द्यायच्या आधी आणि नंतर हीच रुंदी मोजून कवटीतल्या दाबात फरक पडतो का, हे संशोधक तपासतात. ज्या यंत्राने नस शोधली त्याच यंत्राने दोन मिनिटांत हे मोजता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो. हात जरा हलला तरी आकडा बदलतो. म्हणून ही रुंदी म्हणजे दाबाची सावली समजावी. सावली लांबली तर माणूस उठून उभा राहिला असावा, एवढे ती सांगते. त्याची नेमकी उंची तिच्यावरून काढू नये.

आरामखुर्चीतला उलटा हिशेब

खांद्याची बरीच ऑपरेशने रुग्णाला आरामखुर्चीसारखे अर्धवट बसवून करतात. डोके वर असल्यामुळे शिरांतले रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी सहज खाली उतरते आणि कवटीतला दाब कमी होतो. इथपर्यंत चांगले.

पण मेंदूला रक्त मिळण्यासाठी दोन दाबांमधला फरक महत्त्वाचा असतो: धमनीतला सरासरी दाब वजा कवटीतला दाब. रक्त वर चढवायला हृदयाला जोर लागतो. तळमजल्यावर नळाला धो धो पाणी आणि चौथ्या मजल्यावर बारीक धार, हे आपण पाहतोच. दर 13 सेंटिमीटर उंचीमागे दाब सुमारे 10 मिलिमीटर पाऱ्याने घटतो. मेंदू हृदयापेक्षा 26 सेंटिमीटर वर असेल, तर दंडावर 80 दिसणारा सरासरी दाब मेंदूपाशी 60 च्या आसपास असतो. मॉनिटरवरचा आकडा ठीक दिसतो आणि मेंदू मात्र वरच्या मजल्यावर थांबलेला असतो. 2005 साली अमेरिकेतल्या दोन भूलतज्ज्ञांनी असे बसवून केलेल्या खांद्याच्या ऑपरेशननंतर मेंदूला किंवा मज्जारज्जूला रक्त कमी पडून इजा झालेल्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून कानाच्या पातळीला दाब किती असेल, याचा हिशेब मांडूनच रक्तदाब सांभाळण्याची सवय जगभर रुजली.

म्हणून ज्याच्या कवटीत दाब आधीच जास्त आहे त्याला दोन्ही बाजूंनी जपावे लागते. दाब वाढू द्यायचा नाही आणि रक्त कमी पडू द्यायचे नाही.

दुचाकीवरून पडलेला तरुण

काकूंसारखा रुग्ण विरळा. आपल्याकडे नेहमी येतो तो दुचाकीवरून पडलेला तरुण. हेल्मेट नव्हते, खांद्यावर आपटला, गळपट्टीचे हाड मोडले. घरचे सांगतात, “पडल्यावर पाच मिनिटं शुद्धीत नव्हता, पण आता बरा आहे.” ही पाच मिनिटे आमच्यासाठी हाडापेक्षा मोठी असतात. डोक्यात आत रक्तस्राव किंवा सूज असेल तर त्याची चौथी सीट भरत आलेली असते.

आणखी एक अडचण बाहुलीची. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर तासातासाने टॉर्च मारून पाहतात. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला आकसेनाशी झाली, तर मेंदू दबतो आहे असा इशारा असतो. ब्लॉकमुळे एका बाजूची बाहुली बारीक झाली तर दुसरी तुलनेने मोठी वाटते आणि इशारा खरा की ब्लॉकचा, असा घोळ होतो. फरक ओळखता येतो: होर्नरमध्ये दोन्ही बाहुल्या उजेडात आकसतात आणि बारीक असलेली बाहुली ब्लॉकच्याच बाजूची असते. पण रात्रपाळीच्या सिस्टरला ब्लॉक कोणत्या बाजूला दिला हे कागदावर लिहून ठेवलेले दिसायला हवे. डोक्याची दुखापत ताजी असेल तर आम्ही आधी सीटी स्कॅन पाहतो. हाड बहुतेकदा दोन दिवस थांबू शकते.

कड्या कशा तोडतात?

पहिली कडी औषधाच्या मात्रेची. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी 2008 साली 20 मिलिलिटर आणि 5 मिलिलिटर औषधाची तुलना केली. 20 मिलिलिटर दिलेल्या सर्वांचे अर्धे श्वासपटल ढिले पडले, 5 मिलिलिटर दिलेल्यांत हे प्रमाण 45 टक्के होते. वेदना मात्र दोन्ही गटांत सारख्याच आटोक्यात राहिल्या. सोनोग्राफीमुळे कमी औषध अचूक जागी ठेवता येते, हा तिचा मोठा लाभ.

दुसरी कडी जागेची. मानेत जरा खाली, श्वासाची नस दूर गेलेली असते तिथे औषध देता येते. किंवा मान पूर्ण टाळून खांद्याच्या फऱ्यामागची एक नस आणि काखेमागून येणारी एक नस वेगवेगळी बधिर करता येते. वेदनाशमन किंचित कमी, श्वास मात्र बराचसा सुरक्षित.

तिसरी कडी श्वासाची. पूर्ण भूल देऊन व्हेंटिलेटरने श्वास दिला, तर अर्धी छत्री झोपली तरी कार्बन डायऑक्साइड यंत्र सांभाळते. मग जपायची वेळ नंतरची असते: नळी काढल्यावर, वॉर्डात, रात्री, जेव्हा ब्लॉक चालू असतो आणि श्वास रुग्णाने स्वतः घ्यायचा असतो. जागेपणी ऑपरेशन असेल तर झोपेचे औषध बेताचे द्यायचे आणि नाकाशी बारीक नळी लावून सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर पाहत राहायचे.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ब्लॉक टाळला म्हणजे धोका टळला, असे नाही. तीव्र वेदनेने रक्तदाब चढतो आणि वेदनेसाठी मॉर्फिन दिले तर श्वास मंदावून तोच कार्बन डायऑक्साइड वाढतो. पुष्कळ रुग्णांसाठी नीट दिलेला ब्लॉक हाच जास्त सुरक्षित मार्ग असतो. कोणासाठी कोणता, हे ठरवायला माहिती लागते आणि ती रुग्णाकडेच असते.

चौकट: थोडक्यात

• खांद्याच्या ब्लॉकमुळे निरोगी माणसाच्या कवटीतल्या दाबाला सहसा धोका नसतो.

• मुख्य वाट श्वासाची: उथळ श्वास, जास्त कार्बन डायऑक्साइड, मेंदूत जास्त रक्त.

• पापणी उतरणे, आवाज बसणे, श्वास अर्धा वाटणे हे बहुधा औषधाबरोबर उतरते.

• वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, उठवून न उठणे, धाप लागणे यांपैकी काही दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवा.

• तपासणीत आवर्जून सांगा: डोक्यातली नळी, गाठ, फिट, डोक्याला मार, दमा, घोरणे, झोपेत श्वास अडकणे, मानेचे किंवा छातीचे जुने ऑपरेशन.

काकूंची फाइल

काकूंच्या मेंदूच्या डॉक्टरांशी मी बोलले. नवा स्कॅन काढला. नळी नीट वाहत होती, मेंदूतले जास्तीचे पाणी कातडीखालून पोटात नेऊन सोडत होती. त्यांच्या बाकड्यावर जागा होती, पण ती या एका नळीच्या भरवशावर होती. मानेत सुई न घालण्याचे ठरले. पूर्ण भूल, यंत्राने सांभाळलेला श्वास, सरळ ठेवलेली मान आणि खांद्याजवळच्या दोन नसांचा ब्लॉक. संध्याकाळी त्या उशीला टेकून चहा पीत होत्या. पापणी जागेवर, श्वास भरून.

सहा आठवड्यांनी मुलगा त्यांना दाखवायला घेऊन आला, तेव्हा काखेत तीच जुनी फाइल होती. पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘आईच्या डोक्यात नळी आहे. उजवी बाजू. कशाचंही ऑपरेशन असो, आधी हे वाचा.’